जॉब तिरका बसलाय? सीएनसी मिलिंगवर जी६८ रोटेशन नीट कसं लावायचं

छोटा जॉब असेल तर प्रश्नच नसतो, डायल (काट्याचा इंडिकेटर) लावला, मागून दोन हलके टोले दिले, सरळ झाला, आवळला. पण मोठं कास्टिंग असेल, वेल्डिंगची फ्रेम असेल, क्रेनने टेबलावर ठेवलेला जड ब्लॉक असेल तर तो शेवटचा थोडासा तिरकेपणा काढण्यात तासन्‌तास जातात आणि एवढं करून क्लॅम्प आवळताना तो परत हलतोच. अशा वेळी जॉबला हलवत बसण्यापेक्षा कंट्रोललाच (मशीनच्या कॉम्प्युटरलाच) सांगायचं की एक्स आणि वाय आता इतके अंश फिरलेत असं समज आणि प्रोग्राम तसाच चालव. हे सांगणारी कमांड जी६८, काढणारी जी६९. प्रोग्राम बदलायचा नाही, कॅममध्ये, म्हणजे प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, परत जायचं नाही, प्रत्येक जॉबला त्याचा त्याचा अँगल दिला की झालं.

कंट्रोल तुमच्याकडे दोन गोष्टी मागतो, किती फिरवायचं आणि कुठल्या पॉइंटभोवती फिरवायचं. सगळे जण अँगलच्या मागे लागतात, तिसऱ्या डेसिमलपर्यंत काढतात, आणि सेंटरकडे मात्र लक्ष नसतं, आणि जॉब बहुतेक वेळा सेंटरमुळेच जातो. अँगल चुकला तर डायल फिरवल्यावर लगेच दिसतं. सेंटर चुकलं तर सगळ्या कडा एकदम समांतर येतात, दिसायला सगळं बरोबर असतं, फक्त सगळी होल्स आणि पॉकेट्स एका बाजूला सरकलेली असतात. समजा अर्ध्या अंशाचं रोटेशन आहे आणि तुम्ही दिलेलं सेंटर खऱ्या सेंटरपासून ३०० मिमी लांब आहे, तर सगळे फीचर्स जवळपास २.६ मिमी सरकणार. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण २.६ मिमीमध्ये जॉब भंगारात जातो. म्हणून खाली अँगलपेक्षा सेंटरवर जास्त लिहिलंय.

आधी हे करायचं की नाही ते ठरवा

जी६८ फक्त एका प्लेनमध्ये फिरवतं. जी१७ (एक्स-वाय प्लेन) असेल तर वरून बघताना एक्स-वाय फिरतात, झेड जिथल्या तिथे. म्हणजे जॉब एका बाजूने उचललेला असेल तर जी६८ चा त्याला काही उपयोग नाही, आधी वरच्या फेसवर डायल फिरवून लेव्हल बघा, गरज असेल तिथे शिम (पातळ पत्रा) घाला, क्लॅम्प पूर्ण आवळा, मगच अँगल मोजायला घ्या. क्लॅम्प अर्धवट आवळून मोजलेला अँगल फुकट जातो.

दुसरं, रोटेशन लावलं की प्रोग्राममधली सरळ एक्सची मूव्ह आता एक्स आणि वाय दोघांना मिळून करायची असते. अर्ध्या अंशाला साधारण ०.११ मिमी एक्स गेल्यावर वाय एक मायक्रॉन सरकतो, म्हणजे वाय इतका हळू चालतो की जुन्या, घासलेल्या मशीनवर तो अडकत अडकत जातो आणि लांब फिनिश वॉलवर बारीक पट्टे दिसू शकतात. होल्स, टॅपिंग, पॉकेट, फेसिंग याला काही फरक पडत नाही. पण लांब गाइडची वॉल, डोव्हटेल किंवा किल्लीची लांब खाच फिनिश करायची असेल तर माझं स्पष्ट मत, वेळ लागला तरी चालेल पण जॉब डायलने सरळ करा.

आणि ट्रॅव्हल बघा. मोठा जॉब फिरवला की त्याचा एखादा कोपरा सॉफ्ट लिमिटच्या, म्हणजे कंट्रोलमध्ये ठरवलेल्या हद्दीच्या, बाहेर जातो. क्लॅम्प तर अजिबात फिरत नाहीत, ते जिथे आहेत तिथेच असतात, फक्त टूलचा रस्ता बदलतो, त्यामुळे आधी जो क्लॅम्प टूलपासून सुखरूप लांब होता तो आता रस्त्यात येऊ शकतो.

अँगल मोजायचा

मशीन केलेली, सरळ, स्वच्छ कडा निवडा. बर काढा, ऑइलस्टोन फिरवा. कास्टिंगच्या कच्च्या कडेवर अँगल घेऊ नका, दुसरं काहीच नसेल तर दोन लांबची होल्स किंवा दोन डॉवेल घ्या, त्यांच्या सेंटरमधली रेषा कडेपेक्षा भरवशाची असते.

कडेवर दोन पॉइंट घ्यायचे, जितके लांब तितके चांगले. हे मनापासून सांगतोय कारण इथेच आळस होतो. ५० मिमी अंतरावर दोन पॉइंट घेतले आणि टच करताना ०.०१ मिमीची चूक झाली तर अँगलमध्ये ०.०११ अंशाची चूक येते, आणि तोच अँगल ४०० मिमीवर ०.०८ मिमीचा फरक देतो. तीच ०.०१ ची चूक ४०० मिमी अंतरावर घेतलेल्या पॉइंटमध्ये झाली तर टोकाला फरक ०.०१ चाच राहतो.

एक्सच्या दिशेने धावणारी पुढची कडा धरू. डायल किंवा एज फाइंडर (कडेला टेकवून तिची जागा शोधायचं गोल टूल) घेऊन पहिला पॉइंट घ्या, वाय लिहून ठेवा. एक्समध्ये २०० मिमी जा, त्याच कडेला परत टच करा, वाय लिहा. समजा दुसऱ्या पॉइंटला वाय १.७५ मिमी जास्त आला. मग १.७५ भागिले २००, त्याचा टॅन इन्व्हर्स, उत्तर ०.५०१३ अंश. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना ते आधी बघा, रेडियनवर असेल तर ०.००८७ असं काहीतरी येईल आणि ते तसंच टाकलं तर जॉब फिरल्यासारखा वाटणारच नाही.

आता साइन. वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला फिरलेलं म्हणजे प्लस. एक्स प्लसकडे जाताना वाय वाढत असेल तर अँगल प्लस, कमी होत असेल तर मायनस. वायच्या दिशेने धावणारी बाजूची कडा घेतली असेल तर उलटं आहे हे लक्षात ठेवा, वाय प्लसकडे जाताना एक्स वाढत असेल तर जॉब काट्यांच्या दिशेने फिरलाय, अँगल मायनस. शंका आली तर कागदावर चौकोन काढून तो तिरका करून बघा, पाठांतरापेक्षा ते बरं.

एज फाइंडरच्या रेडियसचं काय असं विचाराल तर अँगल काढताना तो मधे येत नाही, कारण दोन्ही पॉइंटला तो सारखाच असतो आणि वजाबाकीत उडून जातो. झिरो काढताना मात्र येतो.

झिरो आणि सेंटर

आपण सवयीने काय करतो, पुढच्या कडेला कुठेतरी टच करून वाय झिरो, डाव्या कडेला कुठेतरी टच करून एक्स झिरो, आणि कोपरा मिळाला असं समजतो. जॉब सरळ असेल तर हे बरोबरच आहे, कारण कडेवर कुठेही टच केलं तरी वाय तोच येतो. तिरक्या जॉबवर कुठे टच केलं त्यावर आकडा बदलतो, त्यामुळे असा मिळालेला झिरो कोपऱ्यावर नसतोच.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे झिरो बोअरवर घ्या. गोल भोकाला अँगलशी काही देणंघेणं नसतं, जॉब कितीही फिरलेला असू दे, डायल आत फिरवून सेंटर काढलं की ते सेंटरच असतं. ड्रॉइंगमध्ये बोअरपासून मापं दिलेली असतील तर दुसरा विचारच करू नका.

कोपराच झिरो असेल तर थोडं गणित करावं लागतं. वरच्याच उदाहरणात आकडे टाकतो. एज फाइंडर १० मिमी डायचा, म्हणजे रेडियस ५. तात्पुरत्या झिरोपासून पुढच्या कडेवरचे दोन टच, टूल सेंटरचे आकडे: पहिला एक्स २० वाय -५, दुसरा एक्स २२० वाय -३.२५. डाव्या कडेवर एक टच: एक्स -५ वाय ४०. सवयीप्रमाणे पहिल्या आणि तिसऱ्या टचमध्ये रेडियस मिळवला तर कोपरा एक्स ० वाय ० येतो. आता खरा कोपरा काढू.

कुठल्याही पॉइंटचे फिरलेल्या सिस्टिममधले आकडे असे काढतात, नवीन एक्स म्हणजे एक्स गुणिले कॉस अँगल अधिक वाय गुणिले साइन अँगल, आणि नवीन वाय म्हणजे वाय गुणिले कॉस अँगल वजा एक्स गुणिले साइन अँगल. अँगल ०.५०१३ चा साइन ०.००८७५, कॉस ०.९९९९६. पहिल्या टचचा नवीन वाय येतो -५.१७५, त्यात रेडियस ५ मिळवला की पुढची कडा -०.१७५ वर. तिसऱ्या टचचा नवीन एक्स -४.६५०, रेडियस मिळवून डावी कडा ०.३५० वर. हे दोन आकडे फिरलेल्या सिस्टिममधले आहेत, ते परत मशीनच्या दिशेत आणायचे, त्यासाठी एक्स म्हणजे नवीन एक्स गुणिले कॉस वजा नवीन वाय गुणिले साइन, आणि वाय म्हणजे नवीन एक्स गुणिले साइन अधिक नवीन वाय गुणिले कॉस. उत्तर, खरा कोपरा एक्स ०.३५२, वाय -०.१७२.

म्हणजे फक्त अर्ध्या अंशात सवयीने घेतलेला झिरो एक्समध्ये ०.३५ ने आणि वायमध्ये ०.१७ ने चुकीचा होता. इथे डावी कडा पुढच्या कडेला काटकोनात आहे असं धरलंय, तसं नसेल तर डाव्या कडेवरही दोन पॉइंट घेऊन दोन रेषा कुठे छेदतात ते काढावं लागेल. आणि हो, अँगल मोठा असेल, म्हणजे ३० अंश वगैरे, तर सवयीने मिळवलेला रेडियससुद्धा चुकतो, कारण एक्स किंवा वायच्या दिशेने मोजलं तर ५ रेडियसचा फाइंडर तिरक्या कडेपासून ५.७७४ वर असतो. वरच्या पद्धतीत हे आपोआप येतं कारण रेडियस आपण फिरवल्यानंतर मिळवतो.

एकदा का कोपऱ्याचे (तात्पुरत्या झिरोत मिळवून) किंवा बोअरचे बरोबर आकडे जी५४ मध्ये, म्हणजे वर्क झिरोच्या ऑफसेटमध्ये, टाकले की सेंटर नेहमी एक्स० वाय० द्या. मी तरी याच्याशिवाय दुसरं काही करत नाही. जी६८ मध्ये दुसरा पॉइंट देता येतो, चालतोही, पण मग वर्क झिरो एकीकडे, रोटेशनचं सेंटर दुसरीकडे, आणि रात्रीच्या शिफ्टला कुणी ऑफसेट थोडा हलवला तर काय कुठे गेलं हे कुणालाच कळत नाही. झिरो आणि सेंटर एकच ठेवलं की विषय संपला.

फॅनकवर प्रोग्राम

जी१७ जी२१ जी४० जी४९ जी६९ जी८० जी९०
टी१ एम६
जी५४
जी६८ एक्स०. वाय०. आर०.५०१
जी० एक्स-२०. वाय-२०.
एस२००० एम३
जी४३ एच१ झेड५०.
इथे तुमचा नेहमीचा प्रोग्राम, जी४१ लावा, कट करा, जी४० ने काढा
जी० झेड५०.
जी६९
जी५३ जी० झेड०.
एम३०

पहिल्या ओळीतलं जी६९ कधीही काढू नका. मधेच रीसेट दाबला किंवा एमडीआयमध्ये (हाताने ओळ टाकून चालवायच्या मोडमध्ये) कुणी जी६८ लावून ठेवलं तर ते रीसेटने निघतं की नाही हे त्या मशीनच्या पॅरामीटरवर अवलंबून असतं, त्यावर विसंबायचं नाही, प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला ते स्वतः काढायचं.

जी५४ जी६८ च्या आधी. रोटेशन चालू असताना जी५४ ते जी५९, जी५२, जी९२, जी२८, जी३० यातलं, म्हणजे झिरो बदलणारं किंवा मशीन होमला नेणारं, काही वापरायचं नाही. आणि म्हणूनच प्रत्येक टूल चेंजच्या आधी जी६९ हवं, कारण एम६ च्या आत मशीन बनवणाऱ्याने मॅक्रो लिहिलेला असतो आणि त्यात जी२८ किंवा जी३० असू शकतं जे तुम्हाला प्रोग्राममध्ये दिसत नाही. टूल बदललं की परत जी६८ ची पूर्ण ओळ. पाच टूल असतील तर पाच वेळा. अँगल प्रत्येक ठिकाणी हाताने टाकण्यापेक्षा सुरुवातीला #१०० या व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि सगळीकडे आर#१०० लिहा, एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं.

जी६८ मध्ये एक्स-वाय दिलं नाही तर टूल त्या क्षणी जिथे उभं आहे तोच पॉइंट सेंटर धरला जातो. कंट्रोल अलार्म देत नाही, गुपचूप तेच सेंटर घेतो. म्हणून एक्स०. वाय०. लिहायचंच.

आर मध्ये डेसिमल पॉइंट टाकायचाच. आर१५ असं बिनपॉइंटचं लिहिलं तर पॅरामीटर ३४०१ च्या बिट ० वर अवलंबून काही मशीन त्याला १५ अंश समजतात तर काही ०.०१५ अंश. आर१५. लिहिलं की वादच नाही. तसंच पॅरामीटर ५४०० चा बिट ० बघून ठेवा, तो ० असेल तर आर नेहमी अ‍ॅब्सोल्यूट, १ असेल तर जी९० मध्ये अ‍ॅब्सोल्यूट आणि जी९१ मध्ये आधीच्या अँगलमध्ये मिळवला जातो.

जी६८ नंतरची पहिली मूव्ह जी९० मध्ये आणि एक्स-वाय दोन्ही देऊन करा. फक्त एक्स५०. लिहिलं तरी रोटेशनमुळे वायसुद्धा हलणार आहे, आणि पहिल्या मूव्हमध्ये ते कुठून कुठे जाईल याचा अंदाज पटकन येत नाही. जी६९ नंतरचंही तेच, पहिली एक्स-वाय मूव्ह अ‍ॅब्सोल्यूट, इन्क्रिमेंटल दिलीत तर टूल भलतीकडे जातं.

कटर कॉम्पेन्सेशन (टूलच्या रेडियसची भरपाई) रोटेशनच्या आत लावायचं आणि आतच काढायचं, म्हणजे जी६८, मग जी४१, मग जी४०, मग जी६९. मिरर किंवा स्केलिंग वापरत असाल तर क्रम आधी मिरर, मग स्केलिंग, मग रोटेशन, काढताना बरोबर उलटा. जी८१, जी८३, जी८४ सारख्या सायकल व्यवस्थित फिरतात, होल्स जिथे हवीत तिथे येतात. बोअरिंगचं जी७६ असेल तर टूल कुठल्या बाजूला शिफ्ट होतं ते आधी हवेत चालवून डोळ्यांनी बघा, टिप भिंतीला लागली तर बोअरला ओरखडा ठरलेला.

जी६८ टाकल्यावर अलार्म ०१० आला, म्हणजे चुकीचा जी कोड असं म्हणाला, तर बहुतेक तुमच्या कंट्रोलवर हा ऑप्शन चालू नाही. मग कॅममध्ये अँगल फिरवून प्रोग्राम काढण्याला पर्याय नाही.

कट करण्याआधी डायलने तपासा

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि टाळण्यासारखं नाही. डायल स्पिंडलला लावा, स्पिंडल फिरणार नाही याची खात्री करा, एम३ कुठेही नको. ज्या कडेवरून अँगल घेतला त्याच कडेला डायल टेकवायचा आहे. एमडीआयमध्ये एकाच प्रोग्राममध्ये जी९० जी५४, जी६८ ची ओळ, एक्स-वाय दोन्ही देऊन कडेजवळ आणणारी सावकाश जी१ मूव्ह, मग एम० (प्रोग्राम थांबवणारी कमांड), आणि मग कडेला समांतर अशी फक्त एक्सची छोटी मूव्ह, २० मिमीची, त्यानंतर परत एम० आणि मग लांबची मूव्ह. डायल टेकण्यासाठी जो वाय लागेल तो छोट्या छोट्या पायऱ्यांनी प्रोग्राममध्येच बदला. हँडव्हील साधारणपणे मशीनच्या मूळ अ‍ॅक्सिसवरच चालतं, रोटेशनवर नाही, त्यामुळे हँडव्हील फिरवून तपासलं तर जॉब तिरकाच दिसणार आणि उगाच घोळ होणार.

२० मिमीमध्ये काटा हलला नाही तर लांबची मूव्ह चालवा, पूर्ण कडेवर काटा स्थिर राहिला की अँगल बरोबर. काटा हलला तर किती हलला ते बघा. साइन उलटी पडली असेल तर चूक जात नाही, दुप्पट होते, म्हणजे आपल्या उदाहरणात २० मिमीला ०.३५ आणि २०० मिमीला ३.५. म्हणूनच आधी २० मिमी म्हटलं, लिव्हर डायलची रेंज तेवढी नसते, थेट २०० चालवलंत तर डायल जाईल. काटा अजिबात फरक न दाखवता आधीसारखाच हलला, म्हणजे २० मिमीला ०.१७५, तर रोटेशन लागलंच नाही, डेसिमल पॉइंट किंवा रेडियन बघा.

यातून अँगल तपासला जातो, सेंटर नाही. सेंटरसाठी दुसरा पॉइंट घ्या, झिरोपासून जितका लांब मिळेल तितका, एखादं आधीच असलेलं होल किंवा समोरचा कोपरा, ज्याची ड्रॉइंगमधली जागा माहीत आहे. रोटेशन लावून त्या आकड्यावर जा, तिथे होलच्या आत डायल फिरवून बघा सेंटर जुळतं का. झिरोवर आणि लांबच्या पॉइंटवर दोन्हीकडे जुळलं तर निश्चिंतपणे सायकल स्टार्ट. दोन्हीकडे सारख्याच दिशेला सारखाच फरक असेल तर झिरो सरकलाय. झिरोवर जुळतंय आणि लांब गेल्यावर फरक वाढतोय तर अँगल, किंवा जॉबच मापात नाही.

आकड्यांनी पडताळायचं असेल तर एक सोपा आकडा लक्षात ठेवा, ३० अंशाच्या रोटेशनमध्ये एक्स१००. वाय०. वर पाठवलं तर मशीन प्रत्यक्ष झिरोपासून एक्समध्ये ८६.६०३ आणि वायमध्ये ५०.००० जायला हवं. मशीन कोऑर्डिनेटच्या पानावर फरक बघा.

मग सिंगल ब्लॉक, रॅपिड २५ टक्क्यांवर, झेड उचलून एकदा पूर्ण हवेत. क्लॅम्पकडे डोळे.

प्रोब असेल तर

प्रोब, म्हणजे स्पिंडलला लावून जॉबला टच करणारा सेन्सर, असेल तर हाताचं मोजणं सगळं वाचतं. रेनिशॉच्या इन्स्पेक्शन प्लस मॅक्रोमध्ये ओ९८४३ हे कडेचा अँगल मोजायला आहे, उत्तर #१३९ मध्ये मिळतं, ते पुढच्या प्रोब कॉलने पुसलं जाण्याआधी स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. स्वतः मॅक्रो लिहित असाल तर दोन पॉइंटचा वायमधला फरक #१०२ आणि एक्समधला #१०१ घेऊन #१००=एटॅन[#१०२]/[#१०१]. फॅनकवर उत्तर ० ते ३६० मध्ये येतं की -१८० ते १८० मध्ये ते पॅरामीटर ६००४ वर ठरतं, त्यामुळे -०.५ च्या जागी ३५९.५ दिसलं तर घाबरू नका, फिरण्याच्या दृष्टीने दोन्ही एकच.

मॅक्रोमध्ये एक अट नक्की घाला, अँगल ठराविक मर्यादेबाहेर असेल, समजा कुठल्याही बाजूला २ अंशापेक्षा जास्त (३५९.५ म्हणजे -०.५ असं धरून), तर #३०००=१ टाकून अलार्म द्या. मोठी चिप अडकली, प्रोब भलतीकडे लागला, असलं बरंच काही तिथे पकडलं जातं. प्रोबिंग मात्र जी६९ मध्येच करा, आणि जॉब बदलला की झिरो आणि अँगल दोन्ही परत मोजा, एकच नाही.

एकच पॉकेट गोल फिरवून सहा ठिकाणी

तिरक्या जॉबशिवाय जी६८ चा हा दुसरा फायदा. फ्लँजवर ६० अंशांवर सहा सारखी पॉकेट्स आहेत, तर एकच सबप्रोग्राम लिहायचा, तीन वाजताच्या जागेवरचं पॉकेट, आणि तो फिरवत न्यायचा.

#१०१=०
व्हाइल[#१०१ एलटी ३६०.]डीओ१
जी९० जी६८ एक्स०. वाय०. आर[#१००+#१०१]
एम९८ पी२०००
जी६९
#१०१=#१०१+६०.
एन्ड१

आर मध्ये जॉबचा स्वतःचा तिरकेपणा #१०० आणि पॉकेटचा अँगल #१०१ दोन्ही मिळवलेत, म्हणजे फ्लँज तिरका बसलेला असला तरी चालतं. सबप्रोग्रामच्या शेवटी झेड वर उचललेला हवा, कारण पुढची एक्स-वाय मूव्ह थेट दुसऱ्या पॉकेटवर जाते आणि मधे बॉस (वर आलेला भाग) असेल तर टूल त्यातून जाईल.

बाकीचे कंट्रोल

हासवर जी६८ आणि जी६९ जवळपास असंच चालतं. फॅनकचं जी६८.२ हे वेगळं प्रकरण आहे, ते पाच अ‍ॅक्सिसवर तिरक्या प्लेनसाठी असतं, सोबत जी५३.१ लागतं, गल्लत करू नका.

सिमेन्सवर आरओटी झेड१५ किंवा आरओटी आरपीएल=१५, वेगळ्या ओळीत. हे नेहमी चालू वर्क झिरोभोवती फिरतं, दुसरं सेंटर हवं तर आधी ट्रान्सने झिरो तिथे न्या आणि मग एआरओटी. इथे ए महत्त्वाचा, कारण नुसतं आरओटी आधीचं ट्रान्स पुसून टाकतं. काढायला नुसतं आरओटी लिहायचं. तिरक्या जॉबसाठी मात्र मी प्रोग्राममध्ये काही लिहूच नका म्हणेन, वर्क ऑफसेटच्या टेबलमध्येच रोटेशनचा कॉलम असतो, कडा मोजायची सोय जॉग मोडमध्ये आहे, तो अँगल जी५४ च्या ओळीतच बसतो आणि प्रोग्रामला पत्ताही लागत नाही.

हायडेनहाइनवर प्रोबने बेसिक रोटेशन घेतलं की ते प्रीसेट टेबलमध्ये जातं, तेच वापरा. प्रोग्राममधून फिरवायचं असेल तर सायकल १०, आणि ती दिल्यावर एक्स-वाय दोन्हीची मूव्ह द्यायची, तरच दोन्ही अ‍ॅक्सिसवर रोटेशन लागू होतं. काढताना सायकल १० परत, अँगल ०.

ओकुमावर जी११ ने शिफ्ट आणि रोटेशन होतं, अँगल पी मध्ये, आणि जी१० ने निघतं. फॅनकची सवय असलेल्यांना जी१० म्हणजे ऑफसेट लिहिणं वाटतं, म्हणून प्रोग्राम एका मशीनवरून दुसऱ्यावर नेताना या दोन ओळी आधी शोधा.

लिनक्ससीएनसीवर जी६८ नाही, तिथे जी१० एल२ पी१ आर०.५०१ दिलं की जी५४ स्वतःच्या झिरोभोवती फिरतो, म्हणजे सेंटरचा प्रश्नच राहत नाही. हे मशीन बंद करून चालू केलं तरी टिकून राहतं, त्यामुळे जॉब उतरवला की जी१० एल२ पी१ आर० चालवा आणि मगच पुढचा जॉब टेबलावर घ्या. जीआरबीएलवर रोटेशनची सोय नाही, तिथे कॅममध्येच फिरवा.